पेट्रोल वाचविणारी डबी

२०२१ च्या मे महिन्यांत मुंबईंत पेट्रोलचा दर लिटरला १०० रुपयांच्या वर गेला, आणि मोटार बाळगणाऱ्या मध्यम स्थितींतील कुटुंबांत महिनाअखेरचा हिशेब मांडतांना वाणसामान, दूध आणि मुलांची फी यांच्या रांगेंत पेट्रोलचा आंकडाहि डोळ्यांत सलूं लागला. नेमक्या अशाच वेळीं घरांतील कर्त्या माणसाच्या दृष्टीस एक जाहिरात पडते. आगपेटीहून थोडी मोठी अशी प्लॅस्टिकची एक डबी. किंमत कांहीं शें रुपये. मोटारींतील एका खांचेंत ती नुसती खोंचावयाची, कीं इंधनाचा खर्च शेंकडा १५ नें कमी. ना कारागीर बोलवावयाचा, ना एखादा स्क्रू सैल करावयाचा. महिन्याकांठीं १,००० किलोमीटर धांवणारी आणि लिटरमागें १५ किलोमीटर जाणारी गाडी असेल तर तिला सुमारें ६७ लिटर पेट्रोल लागतें. त्यांतील शेंकडा १५ म्हणजे १० लिटर. डबीची किंमत पहिल्याच महिन्यांत भरून येते आणि पुढें सारा नफा. बेरीज-वजाबाकींत चूक कोठेंच नाहीं. चूक आहे ती हिशेबाच्या पहिल्या ओळींत, आणि ती ओळ जाहिरात देणाऱ्यानें लिहिलेली आहे.

ही डबी जेथें बसते ती खांच मात्र खरी आणि मोठ्या कामाची आहे. चालकाच्या गुडघ्याजवळ, स्टिअरिंगच्या खालच्या अंगास १६ पिनांची ही खांच असते, तिला ओ. बी. डी. पोर्ट म्हणतात. मोटारींच्या धुरानें शहरांतील हवा बिघडूं लागली, तेव्हां धूर आटोक्यांत ठेवणारे भाग नीट काम करीत आहेत कीं नाहींत हें गाडीनें स्वतःच तपासावें आणि बिघाड झाल्यास तो कळवावा, अशी सक्ती सरकारांनीं केली. अमेरिकेंत १९९६ सालच्या गाड्यांपासून ही खांच सर्वत्र एकाच नमुन्याची झाली. भारतांत या व्यवस्थेचा पहिला टप्पा १ एप्रिल २०१० पासून आणि दुसरा १ एप्रिल २०१३ पासून लागू झाला. गॅरेजमधील कारागीर आपलें वाचनयंत्र याच खांचेंत लावतो आणि इंजिनाचें दुखणें कोठें आहे तें त्याला आंकड्यांत कळतें. वैद्यानें नाडी पाहावी तसा हा प्रकार. येथें मात्र नाडीवर बोट ठेवल्याबरोबर रोग्याची भूक शेंकडा १५ नें कमी होईल, असें सांगितलें जात आहे.

जाहिरातींतील शास्त्र थोडक्यांत असें: डबींत एक चिप आहे, ती मोटारीच्या संगणकाशीं बोलते, मालकाची गाडी चालविण्याची पद्धत १५०-२०० किलोमीटरपर्यंत अभ्यासते, आणि मग इंजिनाला कमी इंधनांत चालावयास शिकविते. हें ऐकावयास इतकें सुसंगत आहे कीं ऐकणाऱ्यानें मान डोलवावी. म्हणून तो संगणक मुळांत काय करीत असतो हें पाहणें अगत्याचें आहे. एक भाग पेट्रोल पुरतें जळावयास वजनानें सुमारें १४.७ भाग हवा लागते. इंजिनांत किती हवा शिरली हें मोजून संगणक त्या मानानें पेट्रोल सोडतो. धुराच्या नळींत बसविलेला ऑक्सिजन सेन्सर जळल्यानंतर प्राणवायु कितपत उरला तें कळवितो, आणि संगणक लगेच पेट्रोलचें माप किंचित् कमी-अधिक करतो. हा व्यवहार गाडी चालू असेपर्यंत अव्याहत चालतो. मिश्रण या मापापासून ढळलें तर धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आपलें काम नीट करूं शकत नाहीं. हवा कमी पडली तर कार्बन मोनॉक्साइड वाढतो, अधिक झाली तर नायट्रोजनचीं ऑक्साइडें तशींच बाहेर पडतात. तेव्हां एखाद्या डबीनें 'पेट्रोल कमी सोड' असें सांगितलें आणि संगणकानें तें ऐकलें असें धरून चाललें, तरी सेन्सरची खबर येतांच तो माप पूर्ववत् करणार. शिवाय वाचविण्यासारखें न जळलेलें पेट्रोल तेथें उरतेंच किती? सुस्थितींतील इंजिनांत शेंकडा दोन-चार भागांहून अधिक इंधन न जळतां बाहेर जात नाहीं. खरी उधळपट्टी निराळ्या ठिकाणीं आहे. इंधनाच्या उष्णतेचा मोठा भाग धुरावाटे आणि रेडिएटरवाटे हवेंत जातो, आणि शहरांत चालणाऱ्या गाडीच्या चाकांपर्यंत जेमतेम चौथा-पांचवा हिस्सा पोंचतो. ही गळती उष्णतेवर चालणाऱ्या इंजिनाच्या स्वभावांतच आहे. ती एका खांचेंतून बुजवितां येत नाहीं.

हा झाला तर्क. संगणक-सुरक्षेचें काम करणाऱ्या अभ्यासकांनीं अशी डबी विकत आणून प्रत्यक्ष फोडूनहि पाहिली आहे, आणि त्यांच्या तपासणीची रीत सांगण्यासारखी आहे. आजच्या मोटारींत एक नव्हे तर अनेक लहान संगणक असतात आणि ते तारांवरून एकमेकांस सारखे निरोप धाडीत असतात. अभ्यासकांनीं प्रथम डबी न लावतां हे निरोप टिपून घेतले. मग डबी लावून तेच पुन्हां टिपले. डबी गाडीशीं बोलत असती तर दुसऱ्या यादींत एखादा तरी नवा निरोप आढळला असता. एकहि आढळला नाहीं. मग डबी उघडली. आंत निघाला एक छोटा फलक, वीज घेण्याची साधी सोय, एक बटण, एक चिप आणि लुकलुकणारे दिवे. गाडीच्या तारांवर निरोप पाठविण्यासाठीं ट्रान्सीव्हर नांवाचा जो भाग अवश्य लागतो, तो फलकावर कोठेंच नव्हता. तो चिपेच्या पोटांत दडला असेल ही शंकाहि त्यांनीं शिल्लक ठेवली नाहीं. चिपेचें कवच काढून आंतील रचना सूक्ष्मदर्शकाखालीं पाहिली. तेथेंहि नव्हता. ज्या डबीनें इंजिनाला शिकवावयाचें तिला तोंडच नव्हतें! दिवे तेवढे लुकलुकत होते, आणि त्यांना लागणारी वीज गाडीच्याच बॅटरींतून, म्हणजे शेवटीं पेट्रोलमधूनच, येत होती.

या सगळ्यांत नवी आहे ती केवळ खांच. मोह जुनाच आहे. १९३० च्या दशकांत कॅनडांतील विनिपेग येथील चार्ल्स नेल्सन पोग या संशोधकाच्या कार्बुरेटरचा असाच बोलबाला झाला होता. पेट्रोलची पुरती वाफ करून ती इंजिनांत सोडली कीं एका गॅलनमध्यें २०० मैल जातां येतें, असें सांगितलें जाई. पोगला अमेरिकन पेटंटेंहि मिळालीं. पण पेटंट हें कल्पनेच्या नवेपणाचें प्रमाणपत्र असतें, २०० मैलांचें नव्हे. त्या मैलांचा निर्णायक पुरावा कधींच पुढें आला नाहीं. तेलकंपन्यांनीं तो कार्बुरेटर दडपून टाकला ही दंतकथा मात्र आजहि जिवंत आहे. पुढें इंधनाच्या नळीवर बांधावयाचीं लोहचुंबकें आलीं, हवेच्या वाटेंत बसवावयाचीं पातीं आलीं, सिगारेट पेटविण्याच्या खांचेंत शिरणाऱ्या डब्या आल्या. १९७३ च्या तेलटंचाईनें अमेरिकन जनता हवालदिल झाल्यानंतर १९७५ च्या कायद्यानें तेथील पर्यावरण-संरक्षण संस्थेकडे अशा वस्तूंच्या परीक्षेचें काम आलें. संस्थेनें १०० हून अधिक साधनें पाहिलीं. इंधनाची लक्षांत येण्याजोगी बचत करणारें एकहि निघालें नाहीं. जीं थोडीं किंचित् उपयोगी दिसलीं, त्यांतील कांहींनीं धुरांतील विषारी वायु वाढविले. हा निकाल तेथील व्यापार आयोगानें ग्राहकांस जाहीर रीतीनें कळविलेला आहे. तरी माल खपतोच.

तो खपतो याचें कारण विकणाऱ्याची लबाडी एवढेंच नाहीं. डबीमुळें गाडीला फरक पडला असें शपथेवर सांगणारे सज्जन भेटतात, आणि ते खोटें बोलत नसतात. डबी बसविल्या दिवसापासून मालक गाडीकडे लक्ष देऊं लागतो. टांकी भरली कीं किलोमीटरचा आंकडा टिपून ठेवतो; पुढच्या चौकांतला तांबडा दिवा पाहून आधींच वेग आवरतो; आपण पैसे घालून केलेला प्रयोग फसूं नये अशी जणूं त्याच्या पायाचीहि इच्छा असते. १५०-२०० किलोमीटरच्या त्या शिकण्याच्या काळांत शिकतो तो मालक. डबी नुसती लुकलुकत असते. त्यांत पंपावरची गोष्ट निराळीच. नळी कधीं अंमळ आधीं बंद पडते, कधीं भरणारा कांठोकांठ भरतो. ३० लिटरांच्या मापांत दीड लिटराचा फरक पडला कीं शेंकडा ५ इकडचे तिकडे झाले. एका आठवड्यांत गाडी दादर ते अंधेरी अशी रखडली असेल, दुसऱ्यांत पुण्याच्या रस्त्यानें सलग धांवली असेल. उन्हाळ्यांत वातानुकूलन चालू असेल, थंडींत बंद. कावळा बसावयास आणि फांदी मोडावयास एकच गांठ पडते, आणि श्रेय कावळ्यास मिळतें. म्हणूनच खरी परीक्षा रस्त्यावर होत नाहीं. पुण्यास १९६६ सालीं स्थापन झालेल्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडियासारख्या संस्थांत गाडी रोलरांवर उभी करतात, ठरलेल्या जातीचें इंधन घालतात, आणि कोणत्या क्षणीं कोणता वेग हवा हें आधींच आंखून ठेवून गाडी तशीच चालवितात. अशा जागीं मालकाच्या इच्छेला वाव नसतो.

बरें, बसवून पाहण्यांत नुकसान तें काय, असें कोणी म्हणेल. शें-पांचशें रुपये गेले तर गेले. या प्रश्नाचें उत्तर थोडें चमत्कारिक आहे: डबी मुकी आहे हें मालकाचें नशीबच म्हटलें पाहिजे. त्याच खांचेंत बसणारीं आणि खरोखर बोलणारीं साधनेंहि असतात. गाडी किती व कशी चालली हें विमा कंपनीस कळावें म्हणून परदेशांत तीं लावतात. २०१५ सालीं कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो येथील संशोधकांनीं अशा एका साधनाला दुरून केवळ मोबाइलचे संदेश पाठवून एका कॉर्व्हेट गाडीचे पाणी पुसणारे वायपर चालू करून दाखविले. मंद गतींत तिचे ब्रेकहि लावून आणि निकामी करून दाखविले. म्हणजे जाहिरातींत म्हटल्याप्रमाणें इंजिनाला हुकूम देण्याची शक्ति जर त्या डबींत खरोखर असती, तर कोणी बनविली, आंत काय लिहिलें, याचा ठावठिकाणा नसलेली ती वस्तु मुलांबाळांना घेऊन जाणाऱ्या गाडींत घालण्यापूर्वीं दहा वेळां विचार करावा लागला असता. चोरानें रिकाम्या हातानें घरांत शिरावें तसें झालें आहे; त्यावरून दार उघडें ठेवण्यास हरकत नाहीं असें ठरत नाहीं.

जाहिरातींतला शेंकडा १५ चा आंकडा मात्र अगदींच अशक्य नाहीं, ही यांतली मौज. अमेरिकन सरकारच्या इंधन-माहितीप्रमाणें एकदम वेग घेणें आणि एकदम ब्रेक दाबणें या संवयीनें थांबत-थांबत चालणाऱ्या वाहतुकींत गाडीचें मायलेज शेंकडा १० ते ४० पर्यंत घटतें. आपल्याकडे १९७८ सालीं स्थापन झालेली पेट्रोलियम कॉन्झर्व्हेशन रिसर्च असोसिएशन ताशीं ४५ ते ५५ किलोमीटर वेगाचा सल्ला देत आली आहे. टायरांतील हवा, गाडींतील अकारण वजन, उभ्या गाडीचें चालू इंजिन, याहि गोष्टी तिच्या सांगण्यांत येतात. यांतल्या कशालाच दिवे नाहींत आणि कशाचीच जाहिरात आकर्षक होत नाहीं. त्या १६ पिनांच्या खांचेचा उपयोग करावयाचाच असेल, तर त्या क्षणीं पेट्रोल किती जळत आहे तें दाखविणारें, विश्वासाच्या ठिकाणीं बनलेलें वाचनयंत्र मिळतें. तें कांहींच वाचवीत नाहीं. ॲक्सिलरेटरवर पाय दाबला कीं आंकडा कसा उसळतो तेवढें दाखवितें, आणि मग पाय आपोआप हलका होतो.

सर्व्हिसिंगच्या दिवशीं गॅरेजमधील कारागिराला आपलें यंत्र लावावयाचें असतें. तो ती डबी उपटून काढतो, गाडींतल्या खणांत टाकतो, आणि काम झाल्यावर परत लावावयास विसरतो. गाडी घरीं येते, आठवडाभर कचेरीच्या फेऱ्या करते, आणि टांकी पूर्वीइतकीच पुरते. पुढें एखाद्या रविवारीं पार्किंगची पावती शोधतांना डबी मालकाच्या हातीं लागते. तेव्हां कोठें तिचे दिवे विझले असल्याचें त्याला कळतें.