गठ्ठ्यातील पुढचा कागद

(छत्रपती संभाजीनगर येथे सरपंच, शिक्षक व ग्रामपंचायत अधिकारी यांच्यासमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



संगणकावर कामांची यादी कशी ठेवावी, याविषयी मी चार शब्द सांगावेत, अशी आपली इच्छा आहे. विषय नवा वाटला तरी आपल्या कार्यालयांना तो अपरिचित नाही. सहा गठ्ठे पद्धत आपणांस ठाऊकच आहे. प्रलंबित प्रकरणे, प्रतीक्षाधीन प्रकरणे, नियतकालिके, स्थायी आदेशांच्या संचिका, अभिलेखकक्षात पाठवावयाची प्रकरणे आणि नष्ट करावयाचे 'ड' वर्गाचे कागद, असे ते सहा गठ्ठे होत. आपल्या शेजारच्या अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात 1980 च्या दशकात जिल्हाधिकारी श्री. अनिलकुमार लखिना यांनी कार्यालयाची मांडणी व अभिलेखांची व्यवस्था यांत जी सुधारणा केली, ती 'लखिना पॅटर्न' या नावाने ओळखली जाते. कागद जागच्या जागी असला की निम्मे काम झाले, हा त्यातील धडा होय.

उरलेल्या निम्म्या कामाविषयी मला बोलावयाचे आहे.

समजा, एखाद्या जिल्हा परिषद शाळेचे छप्पर गळते आहे. ग्रामपंचायतीच्या यादीत नोंद असते : 'शाळा दुरुस्ती - प्रलंबित'. प्रत्येक मासिक सभेत ती वाचली जाते व पुढील सभेसाठी ठेवली जाते. असे का होते? कारण 'शाळा दुरुस्ती' हे काम नव्हे. ते अनेक कामांच्या समूहाचे नाव आहे. छपराची मोजमापे घेणे, अंदाजपत्रक करणे, मान्यता मिळविणे, निधीची तरतूद करणे ही त्यातील कामे. त्यांपैकी आज करता येण्याजोगे एकच असते : मोजमापासाठी अभियंत्यांकडून दिवस निश्चित करून घेणे. ते कोणी करावयाचे हे नोंदीत नसेल, तर ती नोंद कोणाचीच राहत नाही. डेव्हिड अॅलन या अमेरिकी लेखकाने 2001 मध्ये 'गेटिंग थिंग्ज डन' या पुस्तकात हेच तत्त्व मांडले व पुढे अनेक संगणकप्रणालींनी ते स्वीकारले.

म्हणून प्रणालीत प्रत्येक प्रकल्पाचे स्वतंत्र शीर्षक करावे, त्याखाली पुढची कृती क्रियापदासह लिहावी, करणाऱ्याचे नाव व तारीख घालावी. जे दुसऱ्याच्या हाती आहे, ते 'प्रतीक्षाधीन' मध्ये टाकावे. मात्र विचारणा कधी करावयाची, ती तारीखही लिहावी. तारखेविना प्रतीक्षा म्हणजे विस्मरणच. ज्या प्रकल्पाखाली पुढची कृतीही नाही व प्रतीक्षेची तारीखही नाही, तो थांबला आहे असे निःशंक समजावे. ई-ऑफिसमध्ये संचिका कोणाकडे आहे, हे दिसते. पुढे काय करावयाचे, हे मात्र टिप्पणी लिहिणाऱ्यानेच सांगावे लागते.

आता प्राधान्यक्रम. ज्याचा आवाज मोठा, त्याचे काम आधी, ही आपली जुनी खोड. दुसरी खोड म्हणजे प्रत्येक कागदावर 'तातडीचे' लिहिणे. सर्वच तातडीचे असले की काहीच तातडीचे उरत नाही. येथे कायदा आपला मार्गदर्शक आहे. बदल्यांचे विनियमन व विलंबास प्रतिबंध करणाऱ्या 2005 च्या महाराष्ट्र अधिनियमानुसार सामान्यतः कोणतीही संचिका एका कर्मचाऱ्याकडे 7 कामाच्या दिवसांहून अधिक काळ राहू नये; तात्काळ संचिका शक्यतो त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी व तातडीची संचिका 4 दिवसांत निकालात निघावी. म्हणजे 'तातडीचे' हा शब्द लिहिणाऱ्यावरही बंधन घालतो.

कायद्यानंतर ऋतूचा विचार करावा. मराठवाड्यात जूनमध्ये पाऊस येतो आणि त्याच महिन्यात शाळाही उघडते. छपराची मोजमापे मार्चमध्ये झाली नाहीत, तर मुले गळत्या वर्गात बसतील. त्याच यादीतील सभागृहाची रंगरंगोटी दिवाळीपर्यंत थांबली तरी कोणाचे अडत नाही. 'हे काम आठवडाभर लांबले तर कोणाचे नुकसान होईल?' हा प्रश्न प्रत्येक नोंदीला विचारावा. क्रम आपोआप लागतो. संगणक तारखेनुसार यादी लावून देईल, परंतु हा प्रश्न तो विचारणार नाही.

एक दक्षता मात्र घ्यावी. यादी भरणे म्हणजे काम करणे नव्हे. आठवड्यातून एक ठरलेला तास सरपंच, मुख्याध्यापक व ग्रामपंचायत अधिकारी यांनी एकत्र बसून प्रत्येक प्रकल्पाची पुढची कृती तपासावी, झालेली खोडावी, निरुपयोगी नोंदी काढून टाकाव्यात. तालुक्याला जाणाऱ्याने निघण्यापूर्वी सर्व प्रकल्पांतील तालुक्याची कामे एकत्र पाहून घ्यावीत. एका फेरीत चार कामे होतील.

आज गावी परतल्यावर आपल्या यादीतील सर्वांत जुनी प्रलंबित नोंद उघडा आणि तिच्यापुढे एकच वाक्य लिहा : उद्या कोण, कोठे जाऊन, काय करणार. गळत्या छपराखाली बसणाऱ्या मुलांना आपली प्रणाली कोणती आहे, याच्याशी कर्तव्य नाही. त्यांना त्या एका वाक्याची प्रतीक्षा आहे.