यंत्र बदलले तरी नोंद टिकावी



पाणी काय करू शकते, हे चिपळूणच्या माणसाला नव्याने सांगावयास नको. वाशिष्ठीच्या काठी वसलेल्या या शहराने जुलै २००५ चा पूर पाहिला आणि २२ जुलै २०२१ रोजी त्याहूनही भीषण पूर सोसला. बाजारपेठ पाण्याखाली गेली, वीज आणि दूरध्वनी बंद पडले, घरोघरचे संसार चिखलात गेले. १८६४ सालापासूनची परंपरा सांगणाऱ्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिराच्या ग्रंथसंपदेलाही या पुरांची झळ पोहोचली. पाणी कागद आणि यंत्र असा भेद करीत नाही. भिजलेली वही निदान वाळवून पाहता येते. चिखल शिरलेला संगणक मात्र बहुधा निकामीच होतो.

पूर ओसरल्यावर कार्यालयात, शाळेत, दुकानात नवा संगणक येतो. तो जुन्याच जातीचा असेल असे नाही. कधी तर हाती केवळ एक मोबाइल फोन असतो. मग प्रश्न उभा राहतो : जुन्या यंत्रावर केलेले काम नव्या यंत्रावर उघडेल काय? एका कार्यालयातील मजकूर दुसऱ्या कार्यालयात आणि शेतकऱ्याच्या खिशातील फोनवर जसाच्या तसा वाचता येईल काय? हा प्रश्न वरवर तांत्रिक वाटतो. परंतु ज्याच्या घराची, जमिनीची किंवा दाखल्याची नोंद त्या यंत्रात आहे, त्याच्या दृष्टीने तो हक्काचा प्रश्न आहे.

अडचण नेमकी कोठे?

संगणकाचा मेंदू म्हणजे प्रोसेसर. प्रोसेसरच्या प्रत्येक घराण्याची आज्ञा समजून घेण्याची भाषा निराळी असते. टेबलावरच्या बहुतेक संगणकांत एका घराण्याचा प्रोसेसर असतो, तर मोबाइल फोनमध्ये प्रायः एआरएम या दुसऱ्या घराण्याचा. प्रोसेसरच्या जोडीला यंत्राचा सगळा कारभार पाहणारी ऑपरेटिंग सिस्टीम असते. संगणकावर विंडोज, लिनक्स किंवा मॅकओएस असते. फोनवर अँड्रॉइड किंवा आयओएस असते. कागद उघडणे, पडद्यावर अक्षर दाखविणे, छपाई करणे या प्रत्येक कामासाठी सॉफ्टवेअरला या कारभाऱ्याकडे मागणी करावी लागते आणि मागणी करण्याची रीत प्रत्येक ठिकाणी वेगळी असते. म्हणूनच विंडोजसाठी लिहिलेले सॉफ्टवेअर लिनक्सवर आपोआप चालत नाही आणि अँड्रॉइडचे ॲप आयफोनवर चढत नाही.

रेल्वेच्या उदाहरणाने ही गोष्ट चटकन उमगेल. मिरज जंक्शनवर एकेकाळी ब्रॉडगेज, मीटरगेज आणि नॅरोगेज अशा तिन्ही मापांचे रूळ येऊन मिळत. एका मापाचा डबा दुसऱ्या रुळावर जात नसे. माल उतरवून पुन्हा चढवावा लागे. त्यात वेळ जाई, मजुरी जाई आणि मालाची नासधूस होई ती वेगळीच. कोकण रेल्वेचा मार्ग १९९८ साली पूर्ण खुला झाला, तो प्रारंभापासूनच ब्रॉडगेज होता. त्यामुळे मुंबईहून निघालेली गाडी चिपळूण मागे टाकून थेट केरळात जाते. इंजिन कोणत्या कारखान्यात घडले, डबा कोठे बांधला, याला महत्त्व नाही. दोन रुळांतील १,६७६ मिलिमीटर हे अंतर सर्वांनी मान्य केले, याला आहे. संगणकाच्या जगात या सर्वमान्य मापालाच ‘मानक’ म्हणतात.

तीन मार्ग

एकच सॉफ्टवेअर अनेक प्रकारच्या यंत्रांवर चालविण्याचे ढोबळमानाने तीन मार्ग आहेत.

पहिला मार्ग म्हणजे मूळ आज्ञावली एकदा लिहून ती प्रत्येक यंत्राच्या भाषेत स्वतंत्रपणे उतरविणे. लिब्रेऑफिस हे मुक्त सॉफ्टवेअर अशा रीतीने विंडोज, लिनक्स आणि मॅक या तिन्हींवर उपलब्ध आहे.

दुसरा मार्ग मध्यस्थाचा. १९९९ साली कोकण रेल्वेने कोलाड ते वेर्णे अशी रो-रो सेवा सुरू केली. मालाने भरलेला ट्रक रुळावर धावू शकत नाही; परंतु तोच ट्रक सपाट वाघिणीवर चढविला, की मालाला हात न लावता तो रेल्वेमार्गाने गोव्यात पोहोचतो. १९९५ साली जगापुढे आलेल्या जावा या संगणक भाषेने हेच तत्त्व अंगीकारले. प्रत्येक यंत्रावर एक मध्यस्थ सॉफ्टवेअर बसवावयाचे आणि आज्ञावली त्याच्या खांद्यावरून चालवावयाची. १९९३ साली आरंभ झालेला वाइन हा प्रकल्पही विंडोजची अनेक सॉफ्टवेअरे लिनक्सवर चालवितो. मध्यस्थ आला, की थोडा वेग कमी होण्याचा संभव असतो आणि प्रत्येक ट्रक प्रत्येक वाघिणीवर बसतोच असेही नाही. तथापि पुष्कळ कामे निभावतात.

तिसरा मार्ग ब्राउझरचा. सेवा दूरच्या संगणकावर ठेवावयाची आणि नागरिकाने हाती असलेल्या कोणत्याही यंत्रावरून तिचे पान उघडावयाचे. सातबारा उतारा पाहण्यासाठी विशिष्ट कंपनीचा संगणक घ्यावा लागत नाही, तो यामुळेच. लोकसेवेसाठी हा मार्ग सर्वांत मोकळा, मात्र त्यासाठी इंटरनेटची जोडणी आवश्यक असते. डोंगरकपारीतील वाडीवर ती नेहमी मिळेलच अशी खात्री देता येत नाही.

मराठी अक्षरांची कहाणी

मराठी भाषकांना या प्रश्नाची सर्वांत तीव्र जाणीव झाली ती अक्षरांच्या निमित्ताने. संगणकात अक्षर साठते ते आकड्याच्या रूपाने. श्रीलिपी, आकृती, आयएसएम यांसारख्या साधनांनी मराठी टंकलेखन संगणकावर आणले आणि मुद्रण व्यवसायाचे रूप पालटले, हे त्यांचे ऋण मान्य केलेच पाहिजे. परंतु त्या काळातील फॉन्टमध्ये कोणत्या आकड्याला कोणते अक्षर, याचा हिशोब ज्याचा त्याचा होता. इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसविलेले असत. तो फॉन्ट यंत्रावर असेपर्यंत मजकूर वाचता येई. नसला की पडद्यावर अर्थहीन इंग्रजी अक्षरांची रांग उमटे.

समजा, एखाद्या ग्रामपंचायतीने पंचवीस वर्षांपूर्वी नमुना आठची घरनिहाय यादी अशा फॉन्टमध्ये तयार करून ठेवली. त्यानंतर कर्मचारी बदलले, संगणक बदलला आणि फॉन्टची तबकडी हरवली. आता घराच्या जुन्या नोंदीसाठी एखादी वृद्धा खेटे घालते आहे. नोंद नष्ट झालेली नाही, फाइल समोर आहे आणि तरीही ती कुणालाच वाचता येत नाही. पुराशिवाय बुडालेले दप्तर म्हणावे ते हेच.

यावर उपाय शोधण्याचे काम देशात लवकर सुरू झाले होते. भारतीय लिप्यांसाठी इन्स्क्रिप्ट हा समान कळफलक १९८६ साली ठरला. भारतीय लिप्यांची समान संकेतावली १९८८ साली तयार झाली आणि १९९१ साली भारतीय मानक ब्यूरोने ती मानक म्हणून स्वीकारली. त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती प्रसिद्ध झाली. तिच्यातील देवनागरीची मांडणी १९८८ च्या याच भारतीय संकेतावलीवर आधारलेली आहे. युनिकोडमध्ये ‘क’चा आकडा जगभर एकच असतो, मग यंत्र कोणतेही असो. आज चिपळूणमध्ये लिहिलेला मराठी मजकूर दुबईतील मुलाच्या फोनवर जसाच्या तसा उमटतो, त्याचे श्रेय या एकमताला आहे.

मानक स्वीकारल्यानंतरही दक्षता लागतेच. ‘ॲप’ या शब्दातील पहिल्याच अक्षराचे उदाहरण पाहावे. ‘ॲ’ या अखंड अक्षराला युनिकोडमध्ये स्वतंत्र स्थान मिळाले ते २००८ साली. तत्पूर्वी ‘अ’ आणि त्यावरील चंद्र असे दोन आकडे जोडून ते लिहिले जाई. आजही काही कळफलकांवरून ते तसेच उमटते. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, पण संगणकाला ते दोन भिन्न शब्द वाटतात. ‘सातबाऱ्यावर’ या शब्दातील ‘ऱ्य’ही दोन प्रकारे लिहिला जातो. शोध घेताना नोंद सापडत नाही, तेव्हा ती नाहीच असे समजून अर्जदाराला परत पाठविण्यापूर्वी अन्य रीतीने शोधून पाहणे हे कर्मचाऱ्याचे कर्तव्य ठरते.

हाताशी असलेली ॲप

स्मार्टफोनने संगणक खिशात आणला. राज्यात १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी सुरू झाली आणि शेतकऱ्याला आपल्या पिकाची नोंद स्वतः करण्याची सोय मिळाली. बांधावर उभे राहून पिकाचे छायाचित्र घेतले, की त्यासोबत त्या जागेचे अक्षांश-रेखांशही नोंदले जातात. एकाच फोनवरून अनेक शेतकऱ्यांची नोंद करता येत असल्याने ज्याच्याकडे स्मार्टफोन नाही, त्याला शेजाऱ्याचे साहाय्य घेता येते. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेचे ‘दामिनी’ ॲप विजेच्या धोक्याची सूचना देते. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे ‘सचेत’ ॲप पूर, अतिवृष्टी आदींचे इशारे पोहोचविते. या इशाऱ्यांमागेही एक जागतिक मानक आहे. इशारा एकाच ठराविक साच्यात लिहिला जातो आणि तोच एसएमएस, दूरचित्रवाणी, ॲप अशा निरनिराळ्या वाटांनी जातो. प्रत्येक साधनासाठी पुन्हा लिहिण्यात वेळ दवडावा लागत नाही. नदी चढत असताना त्या वेळेचे मोल काय, हे चिपळूणकर जाणतात.

परंतु एक सावधानता आवश्यक आहे. नवे ॲप जुन्या अँड्रॉइडवर कधी कधी चालत नाही. पुष्कळांच्या हाती बटणाचाच फोन असतो. फोन हाताळता न येणारी वडीलधारी मंडळी घराघरांत आहेत. एखादी सेवा केवळ ॲपवरच ठेवली, तर यांपैकी कित्येकांना दार बंद होते. ॲप ही एक जादा वाट असावी. ब्राउझरचे पान, एसएमएस आणि कार्यालयाची खिडकी या वाटाही खुल्या राहिल्या पाहिजेत.

गावपातळीवर काय करावे?

पहिली गोष्ट, सर्व मराठी मजकूर युनिकोडमध्येच लिहावा. जुन्या फॉन्टमधील दप्तर रूपांतर करणाऱ्या सॉफ्टवेअरने युनिकोडमध्ये आणावे आणि जोडाक्षरे, वेलांट्या व विशेषतः आकडे मूळ प्रतीशी ताडून पाहावेत. शाळांनीही प्रश्नपत्रिका आणि पालकांची पत्रे याच रीतीने लिहावीत.

दुसरी गोष्ट, नोंदी खुल्या स्वरूपात साठवाव्यात. केंद्र शासनाने ई-शासनासाठी खुल्या मानकांचे धोरण २०१० सालीच जाहीर केले आहे. अंतिम प्रत पीडीएफमध्ये ठेवावी. परंतु याद्या आणि तक्ते दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडतील अशा रूपातही जपावेत. कागदाचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठविणे सोयीचे खरे, पण त्यातील नाव शोधता येत नाही आणि आकड्यांची बेरीज करता येत नाही. तो नोंदीचा पर्याय होऊ शकत नाही.

तिसरी गोष्ट, सॉफ्टवेअर घेताना एक प्रश्न अवश्य विचारावा : उद्या हे सॉफ्टवेअर बंद केले, तर गावाची माहिती कोणत्या स्वरूपात परत मिळेल? याचे लेखी उत्तर मिळाल्यावाचून पैसे देऊ नयेत.

चौथी गोष्ट, प्रत्येक महत्त्वाच्या नोंदीची एक प्रत पूररेषेबाहेर असावी. त्याच इमारतीच्या माडीवर ठेवलेली प्रत पुरेशी नव्हे. वर्षातून एकदा, पावसाळ्यापूर्वी, ती प्रत निराळ्या जातीच्या संगणकावर आणि एका साध्या फोनवर उघडून पाहावी. जी प्रत कधी उघडूनच पाहिली नाही, तिच्यावर भरवसा ठेवता येत नाही.

या चार गोष्टींना मोठा निधी लागत नाही. शिस्त मात्र लागते. वाशिष्ठीला पूर येणे कोणा एका ग्रामपंचायतीच्या हाती नाही. परंतु पूर ओसरल्यावर दाराशी आलेल्या माणसाला “तुमची नोंद सुरक्षित आहे” असे सांगता यावे, इतकी तयारी प्रत्येक ग्रामपंचायतीच्या, प्रत्येक शाळेच्या हाती निश्चित आहे. येत्या पावसाळ्यापूर्वी तिला प्रारंभ व्हावा.