आपले घर आपण बांधू पाहणाऱ्यांचा प्रश्न

(तालुका कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



घरांच्या प्रश्नाविषयी आपण बोलू लागलो की आपल्या डोळ्यांपुढे मुंबईची चाळ, झोपडपट्टी आणि बिल्डर एवढीच चित्रे उभी राहतात. परंतु आपल्या खेड्यांतील, तालुक्याच्या गावांतील आणि शहरांच्या कडेने पसरलेल्या वस्त्यांतील बहुतेक घरे कोणा बिल्डरने बांधलेली नाहीत. एक-दीड गुंठा जागा घेऊन आधी दोन खोल्या, फंडाचे पैसे आल्यावर स्लॅब, मुलाचे लग्न ठरल्यावर वरचा मजला, अशा रीतीने ती वर्षानुवर्षे वाढत आली आहेत. बांधणारा एस.टी.चा कंडक्टर असतो, यंत्रमाग कामगार असतो, अंगणवाडी सेविका असते. बिल्डरांच्या संघटना अर्थसंकल्पापूर्वी मंत्र्यांना निवेदने देतात आणि त्यांची दखलही घेतली जाते. या माणसाच्या वतीने असे निवेदन कोणी दिल्याचे माझ्या ऐकिवात नाही. कायदा, कर आणि ठेकेदार या तिन्ही दारांशी तो एकटा उभा असतो, आणि तो एकटा असतो म्हणूनच नाडला जातो, असे माझे प्रतिपादन आहे.

प्रारंभ जमिनीपासून करावा लागतो. १९४७ चा तुकडेबंदी कायदा शेतीचे कसण्यास न परवडणारे तुकडे होऊ नयेत यासाठी आला. त्या उद्देशाशी आपला विरोध असण्याचे कारण नाही. परंतु शहरे वाढत गेली, कारखाने आले, कामगार आले आणि त्यांच्यासाठी लहान व कायदेशीर भूखंड मात्र कोणी पाडले नाहीत. मग गावच्या पुढाऱ्याने वा दलालाने शेतात चुन्याच्या फक्क्या मारून गुंठे विकले. प्रमाणभूत क्षेत्राहून लहान तुकड्याच्या खरेदीखतात कायदा आडवा येतो, म्हणून व्यवहार स्टॅम्पपेपरवर नोटरी करून अथवा कुलमुखत्यारपत्रावर झाला. एकदा हे घडले की पुढची साखळी आपोआप तयार होते. सात-बाऱ्यावर स्वतंत्र नाव नाही, म्हणून राष्ट्रीयीकृत बँक कर्ज देत नाही. म्हणून पतसंस्थेचे वा सावकाराचे महाग कर्ज. नाव नाही म्हणून नकाशा मंजूर होत नाही, आणि नकाशा नाही म्हणून घर अनधिकृत. ज्याने गुंठे विकले तो पैसे घेऊन मोकळा झालेला असतो. नोटीस येते ती विकत घेणाऱ्याच्या दारावर.

शासनालाही हे ठाऊक आहे. २००१ साली गुंठेवारी नियमित करण्याचा कायदा झाला. त्यात १ जानेवारी २००१ ही मर्यादा होती. २०२१ साली ती ३१ डिसेंबर २०२० पर्यंत पुढे नेण्यात आली. २०२५ च्या नोव्हेंबरात अध्यादेश निघाला आणि १५ नोव्हेंबर १९६५ ते १५ ऑक्टोबर २०२४ या काळात बिगरशेती वापराच्या क्षेत्रांत झालेले तुकड्यांचे व्यवहार विनाशुल्क नियमित करण्याचे ठरले. या अध्यादेशाचे मी स्वागत करतो. पण जवळजवळ साठ वर्षांचे व्यवहार एका फटक्यात नियमित करावे लागतात, याचा अर्थ एवढाच की या साठ वर्षांत कष्टकऱ्याला परवडेल असा कायदेशीर भूखंड शासनाने उपलब्धच करून दिला नाही. आणि कार्यकर्त्यांनी ध्यानात ठेवावे की व्यवहार नियमित झाला म्हणजे त्यावरील बांधकाम नियमित झाले असे नव्हे. त्या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत. पुष्कळ लोक पहिलीवर थांबतात.

दुसरी पायरी चुकली तर काय होते हे पिंपरी-चिंचवडने पाहिले आहे. ४ जानेवारी २००८ नंतरच्या अनधिकृत बांधकामांवर मालमत्ताकराच्या दुप्पट शास्ती बसू लागली. कारखान्यांतील कामगारांनी बांधलेल्या घरांवर थकबाकी चढत गेली, व्याज चढत गेले, मोर्चे निघाले, निवडणुकांत आश्वासने दिली गेली. शेवटी २०२३ साली थकीत शास्ती माफ करावी लागली. पंधरा वर्षे लाखो माणसे या टांगत्या तलवारीखाली राहिली. मधल्या काळात ज्यांनी भीतीपोटी प्रामाणिकपणे भरणा केला, त्यांच्या वाट्याला आलेले शहाणपण मात्र फारच महाग ठरले!

आता बांधकाम परवानगीकडे वळतो. येथे परिस्थिती पूर्वीइतकी वाईट नाही, हे आपण प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. मुंबई व काही विशेष क्षेत्रे वगळता राज्यभर २०२० च्या डिसेंबरपासून एकत्रित विकास नियंत्रण नियमावली लागू झाली. तिच्यानुसार १५० चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडावर घर बांधताना परवान्यासाठी खेटे घालावे लागत नाहीत. परवानाधारक अभियंत्याच्या सहीचा नकाशा सादर करावा, शुल्क भरावे, आणि ती पावती हाच परवाना. ३०० चौरस मीटरपर्यंत दहा दिवसांत परवानगी द्यावयाची आहे. त्याहीपूर्वी, १९६६ च्या नगररचना कायद्यातच, साठ दिवसांत निर्णय न दिल्यास परवानगी मिळाली असे मानण्याची तरतूद आहे. परंतु किती लोकांना हे माहीत आहे? खिडकीवरचा कारकून सांगत नाही आणि नकाशा काढणारा अभियंता तर मुळीच सांगत नाही, कारण "साहेबांकडून करून आणतो" या वाक्यावरच त्याच्या दराचा डोलारा उभा असतो. जो अधिकार लोकांना ठाऊक नाही तो दुसऱ्याच्या हातात विक्रीचा माल होतो. बांधकाम सुरू झाल्यावर जोत्याची तपासणी आणि शेवटी भोगवटा प्रमाणपत्र, हे दोन कागद घेण्याचा मात्र लोक कंटाळा करतात. पुढे घर विकताना वा तारण ठेवताना नेमके तेच विचारले जातात.

करांच्या बाबतीत थोडे तपशिलात जाणे भाग आहे. वस्तू व सेवा कर आला तो १ जुलै २०१७ रोजी. तेव्हापासून २०२५ च्या सप्टेंबरपर्यंत सिमेंटवर २८ टक्के कर होता, म्हणजे चैनीच्या वस्तूंच्या पंक्तीत सिमेंटचे पोते बसवले होते. २२ सप्टेंबर २०२५ पासून तो १८ टक्के झाला. लोखंडावर १८ टक्के आहेच. आता गंमत पाहा. बिल्डरच्या इमारतीत बांधकाम चालू असताना परवडणाऱ्या वर्गातील सदनिका घेतली, तर २०१९ च्या एप्रिलपासून ग्राहकाला १ टक्का कर पडतो, इतर सदनिकांना ५ टक्के. स्वतःच्या जागेवर घर बांधणाऱ्याने नोंदणीकृत ठेकेदाराला मालासकट काम दिले, तर संपूर्ण बिलावर १८ टक्के. बिल्डरलाही सिमेंटवरील कराची वजावट मिळत नाही आणि तो कर सदनिकेच्या किमतीत मिसळलेलाच असतो, हे खरे. म्हणून १ विरुद्ध १८ अशी घोषणा मी देणार नाही. पण मजुरीवरही १८ टक्के आकारणी होते ती या एकट्या माणसाच्या माथी, हा फरक उरतोच.

यातून सुटण्याची एक कायदेशीर वाट आहे आणि ती आपण घरोघरी सांगितली पाहिजे. एकाच कुटुंबाच्या स्वतंत्र घराचे काम केवळ मजुरीवर दिले, माल मालकाने स्वतः आणला, तर त्या मजुरीवर हा कर लागत नाही. पंधरा लाखांच्या कामात मजुरी पाच लाख धरली, तर नव्वद हजार रुपये वाचतात. अट एवढीच की करार खरोखर मजुरीचा असावा आणि घर एका बिऱ्हाडाचे असावे. दोन भावांनी एकाच इमारतीत दोन स्वतंत्र बिऱ्हाडे काढली की सवलत धोक्यात येते. एकत्र कुटुंब मोडल्याचा हा दंड कोणा अधिकाऱ्याच्या मनात आला असेल असे नाही, परंतु परिणाम तसाच आहे! शिवाय, ज्या ठेकेदाराकडे नोंदणी क्रमांकच नाही त्याला हा कर मागण्याचा अधिकार नाही. कच्च्या बिलावर "जीएसटी" म्हणून रक्कम वसूल करणारे मुकादम प्रत्येक गावात आहेत.

आयकरातील एक गोष्ट सांगून पुढे जातो. जुन्या करपद्धतीत राहत्या घराच्या कर्जावरील व्याजाची दोन लाखांपर्यंत वजावट मिळते, पण कर्ज घेतलेल्या आर्थिक वर्षाच्या अखेरीपासून पाच वर्षांत घर पुरे न झाल्यास ती तीस हजारांवर येते. नव्या पद्धतीत तर राहत्या घराला ती नाहीच. जो माणूस तुकड्यातुकड्याने घर बांधतो त्याच्यासाठी पाच वर्षे हा काळ फार मोठा नसतो.

आणि हे घर वेळेत का पुरे होत नाही? बहुधा ठेकेदारामुळे. उचल घेऊन पाया भरायचा, मग दुसरीकडे जोते घालायला निघून जायचे, ही रीत आहे. २०१६ च्या रेरा कायद्याचे संरक्षण येथे मिळत नाही, कारण तो कायदा घरे वा भूखंड विकणाऱ्या प्रवर्तकासाठी आहे. मालकाच्या जागेवर काम करणारा ठेकेदार त्यात येत नाही. मात्र ग्राहक कायदा येतो. गृहबांधणी ही "सेवा" आहे हे त्या कायद्याने मानले आहे, आणि १९९३ साली लखनौ विकास प्राधिकरणाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ते ठामपणे सांगितले. पन्नास लाखांपर्यंतच्या मोबदल्याची तक्रार जिल्हा आयोगाकडे दोन वर्षांच्या आत करता येते. मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्कही नाही आणि वकीलही सक्तीचा नाही. परंतु आयोगापुढे करार दाखवावा लागतो, आणि आपल्याकडे व्यवहार चहाच्या टपरीवर होतो. जोते, लिंटेल, स्लॅब, गिलावा अशा टप्प्यांवर रक्कम बांधून द्यावी आणि काम झाल्यावाचून पुढचा हप्ता देऊ नये, एवढे एका पानावर लिहिले तरी निम्मी भांडणे टळतील. सळई वजनावर तपासून घ्यावी. बारा मिलिमीटर जाडीची बारा मीटर लांब सळई साडेदहा किलोच्या थोडी वर भरली पाहिजे. नऊ भरली, तर फरक कोणाच्या खिशात गेला हे उघड आहे.

येथे मला आपल्यातील काही मित्रांच्या शंकेचे उत्तर द्यावयाचे आहे. घरमालकाची बाजू घेतली तर गवंडी आणि बिगारी यांचे काय, असे ते विचारतात. मजुरीवर काम देणारा मालक हा त्या बिगाऱ्याचा मालकच ठरत नाही काय? शंका योग्य आहे. १९९६ च्या कायद्याने बांधकामावर १ टक्का उपकर बसवून कामगारांसाठी कल्याणनिधी निर्माण केला. दहा लाखांपर्यंतचे स्वतःचे राहते घर त्यातून वगळले होते. २०२५ च्या नोव्हेंबरात अमलात आलेल्या नव्या संहितेने ही मर्यादा पन्नास लाखांवर नेली. लहान घरमालकाला ही सूट मिळावी, याला माझी हरकत नाही. पण कल्याण मंडळाकडे नोंदणीसाठी बिगाऱ्याला वर्षातून नव्वद दिवस काम केल्याचा दाखला लागतो, आणि लहान घरांवर काम करणाऱ्याला तो देण्यास कोणी तयार नसतो. ठेकेदार कबूल होत नाही, ग्रामसेवक टाळाटाळ करतो. ज्याच्या घराचा नकाशा आपण मंजूर करून दिला, त्याच्याकडून त्या घरावर राबलेल्या प्रत्येक माणसाच्या कामाचे दिवस लिहून घेणे, ही आपली अट असली पाहिजे. कर वाचवायचा आणि मजुराला कागदही द्यायचा नाही, अशा मालकाची वकिली आपण करू नये.

स्वतः बांधणे म्हणजे एकट्याने बांधणे नव्हे, हेही आपल्या चळवळीने पूर्वी दाखवून दिले आहे. मृणाल गोरे व त्यांच्या सहकाऱ्यांनी नागरी निवारा परिषदेमार्फत गोरेगावात कमाल नागरी जमीनधारणा कायद्याचा आधार घेऊन जमिनीसाठी दीर्घ लढा दिला आणि हजारो मध्यम व अल्प उत्पन्न कुटुंबांची घरे उभी केली. सोलापूरजवळ कुंभारीला विडी कामगार स्त्रियांनी गोदूताई परुळेकरांच्या नावाची दहा हजार घरांची वसाहत सहकारातून मिळवली, ती २००६ साली पुरी झाली. १९७६ चा कमाल जमीनधारणा कायदा महाराष्ट्राने २००७ साली रद्द केला, त्यामुळे गोरेगावची वाट जशीच्या तशी पुन्हा चालता येणार नाही. परंतु दहा-बारा कुटुंबांनी मिळून जागा घ्यावी, एकच अभियंता ठेवावा, सिमेंट व लोखंड एकत्र खरेदी करावे, याला कोणताही कायदा आड येत नाही.

तालुक्याच्या बाजाराच्या दिवशी आपल्या कार्यालयात एक टेबल मांडावे, असा माझा प्रस्ताव आहे. तेथे सात-बारा वाचता येणारा एक, नकाशाचे नियम जाणणारा एक आणि बांधकाम मजुरांच्या संघटनेतला एक, असे तिघे बसावेत. एका पानाच्या कराराचा नमुना मी तयार करून आणला आहे. त्याच्या मागच्या बाजूस मजुरांची नावे व कामाचे दिवस लिहिण्याचा तक्ता आहे. त्यात कोणत्या दुरुस्त्या हव्यात हे दुपारच्या बैठकीत आपण ठरवू.