उतारवयातील दमा
(रुग्ण व कुटुंबीय मेळाव्यातील व्याख्यानाचा मजकूर)



दमा म्हटला की बाळदमा आठवतो, धापा टाकणारे लहान मूल डोळ्यांसमोर येते. आम्हांला आज साठी ओलांडलेल्या मंडळींविषयी बोलावयाचे आहे. ही मंडळी बाह्यरुग्ण विभागात येतात ती बहुधा गुडघ्यांसाठी, रक्तदाबासाठी किंवा मधुमेहासाठी. धापेचा विषय निघतो तो उठता उठता, आणि तोही बरोबर आलेल्या सुनेकडून किंवा नातवाकडून : "जिना चढताना मध्येच थांबतात, पण आता वय झालं ना!" वयानुसार फुप्फुसांची ताकद थोडी उतरते, हे खरे. परंतु पहाटे तीन-चारच्या सुमारास खोकल्याने उठून बसावे लागणे, छातीत सूं-सूं वाजणे, पावसाची झड लागली की श्वास कोंडणे, ही वयाची लक्षणे नव्हेत. लहानपणी कधीही दमा नसलेल्या माणसाला तो साठीनंतर प्रथमच होऊ शकतो.

यात एक मोठा धोका आहे. श्वासनलिका आकसल्याची जाणीव वयाबरोबर बोथट होत जाते. ज्या आकुंचनाने तरुण घाबराघुबरा होतो, त्याच अवस्थेत आजोबा "बरं आहे" म्हणून सांगतात आणि आपण त्यांच्या शब्दावर विसंबतो. म्हणून पीक फ्लो मीटर नावाचे फुंकर मोजणारे छोटे साधन घरी असावे, असा आमचा आग्रह असतो. प्रकृती उत्तम असतानाचा आकडा लिहून ठेवावा. तो उतरू लागला की रुग्ण काहीही म्हणो, डॉक्टरांना कळवावे.

आपल्या पनवेलची हवाही विचारात घ्यावयास हवी. तळोजाची औद्योगिक वसाहत, कळंबोलीच्या पोलाद बाजाराकडे जाणाऱ्या मालमोटारी, चारी दिशांनी येऊन मिळणारे महामार्ग आणि अखंड चालू असलेली बांधकामे यांची धूळ आपल्या ओळखीची आहे. उलव्याच्या ज्या विमानतळाचे ऑक्टोबर २०२५ मध्ये उद्घाटन झाले, त्याच्यासाठी डोंगर फोडून सपाट केलेला आपण सर्वांनी पाहिला. पण सगळा दोष शहराच्या वाढीवर ढकलणे आम्हांला पटत नाही. आजूबाजूच्या गावांत ज्या आजींचे आयुष्य चुलीपुढे गेले आणि उन्हाळ्यात राब भाजताना ज्या धुरात उभ्या राहिल्या, त्यांच्या छातीत तो धूर आधीच साठलेला आहे. विडी न ओढणाऱ्यांनाही फुप्फुसांचा जुनाट अडथळ्याचा विकार होतो, हे पुण्याचे डॉ. संदीप साळवी यांनी पीटर बार्न्स यांच्यासह २००९ साली 'लॅन्सेट'मध्ये सविस्तर मांडले. उतारवयात हा विकार आणि दमा पुष्कळदा एकत्र नांदतात. हृदय कमजोर झाल्यानेही रात्री धाप लागते. कोणती धाप कशाची, हे केवळ नाडी पाहून सांगता येत नाही. त्यासाठी स्पायरोमेट्री ही फुंकर-तपासणी आणि हृदयाची तपासणी लागते.

घरातल्या धुराचे काय? २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात एक डास-कॉइल जळताना निघणारे अतिसूक्ष्म कण ७५ ते १३७ सिगारेटींच्या धुराएवढे भरले होते. दमेकऱ्याच्या खोलीत कॉइलऐवजी मच्छरदाणी लावावी. पावसाळ्यात भिंतींना ओल येते, गोधड्यांना कुबट वास लागतो. ती बुरशीही दमा उठवते. ऊन पडेल त्या दिवशी अंथरूण बाहेर काढावे.

औषधांकडे वळू. पंपाची सवय लागते, हा समज अजून घरोघरी आहे आणि त्याची किंमत फार मोठी आहे. जागतिक रोगभार अभ्यासाच्या २०१९ च्या अंदाजानुसार जगातील दमेकऱ्यांपैकी सुमारे १३ टक्के भारतात आहेत. परंतु दम्याने होणाऱ्या मृत्यूंपैकी ४० टक्क्यांहून अधिक आपल्याकडे होतात. श्वासनलिकेची सूज उतरवणारा पंप रोज घ्यावयाचा असतो. त्याने लगेच मोकळे वाटत नाही, म्हणून तो फडताळात पडून राहतो. तात्पुरता आराम देणारा पंप मात्र खिशात फिरतो. जागतिक दमा मार्गदर्शक समितीने, म्हणजे 'जीना'ने, २०१९ सालापासून सांगितले आहे की केवळ तात्पुरत्या आरामाच्या पंपावर दमेकऱ्याने राहू नये.

पंप लिहून दिला म्हणजे तो छातीत पोहोचला असे होत नाही. संधिवाताच्या बोटांना डबी दाबवत नाही. दाबली तर त्याच क्षणी श्वास ओढणे जमत नाही. भुकटीच्या कॅप्सूलच्या उपकरणाला जोराचा श्वास लागतो, तो थकलेल्या छातीत नसतो. काही जण तर ती कॅप्सूल पाण्याबरोबर गिळून टाकतात! अशांसाठी स्पेसर ही पोकळ नळी फार सोयीची : घरच्यांनी पंप दाबावा आणि रुग्णाने संथपणे श्वास घेत राहावे. नंतर खळखळून चूळ भरावी, म्हणजे तोंडात बुरशी होत नाही. कवळी असलेल्यांनी हे विशेष पाळावे.

दुसऱ्या आजारांची औषधेही दम्याच्या वाटेत येतात, आणि साठीनंतर ती एक-दोन नसतात. प्रोप्रॅनोलॉलसारख्या गोळ्यांनी श्वासनलिका आकसू शकते. काचबिंदूसाठी डोळ्यांत घालावयाच्या टिमोलॉलच्या थेंबांनीही तसेच होऊ शकते, हे सांगितले तर कोणाला खरे वाटत नाही. काहींना अॅस्पिरिन व तत्सम वेदनाशामक गोळ्या सोसत नाहीत. रक्तदाबाच्या काही औषधांनी कोरडा खोकला लागतो आणि तो दम्याच्या नावावर जमा होतो. यांतले काहीही आपल्या मनाने बंद करू नये. घरात असतील ती सर्व औषधे, डोळ्यांचे थेंब, काढे आणि पुड्यांसह, एका पिशवीत घालून तपासणीला आणावीत. पुड्यांविषयी आम्ही मुद्दाम विचारतो. निनावी पुडीत कधी कधी स्टेरॉइड मिसळलेले असते. त्याने चार दिवस बरे वाटते, पण हाडे ठिसूळ होतात आणि साखर वाढते. कोजागिरीला खिरीतून दम्याचे औषध घेण्याची प्रथा आपल्याकडे आहे. त्या श्रद्धेविषयी आमचा वाद नाही. त्या रात्री आणि दुसऱ्या दिवशीही पंप चालू ठेवावा, एवढेच आमचे मागणे.

इन्फ्लुएंझाची साथ आपल्याकडे पावसाळ्यात वाढते. तेव्हा लस मृगापूर्वी टोचून घ्यावी आणि न्यूमोनियाच्या लसीविषयीही त्याच भेटीत विचारावे. एक वाक्य पुरे करताना दोनदा श्वास घ्यावा लागत असेल, पंप घेऊनही आराम टिकत नसेल, ओठ निळसर दिसत असतील किंवा रुग्णाला गुंगी येत असेल, तर सकाळची वाट पाहू नये. महाराष्ट्रात २०१४ पासून १०८ क्रमांकावर विनामूल्य रुग्णवाहिका मिळते. तो क्रमांक आजोबांच्या उशाशी मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावा.

देणगीदारांना एक विनंती. मोठ्या यंत्राला देणगी दिली की त्यावर नाव कोरता येते. स्पेसरवर ते कोरता येत नाही. तरीही निवृत्तिवेतन नसलेल्या वृद्धाला दर महिन्याचा पंप, एक स्पेसर आणि एक पीक फ्लो मीटर एवढे मिळाले, तर त्याला भरती होण्याची वेळ पुष्कळदा येतच नाही. या तीन वस्तूंसाठी स्वतंत्र निधी असावा, असा प्रस्ताव आम्ही विश्वस्त मंडळापुढे ठेवत आहोत. व्याख्यानानंतर बाहेरच्या ओसरीवर आमच्या परिचारिका पंप घेण्याची पद्धत प्रत्येकाला करून दाखवतील आणि आपल्याकडून करवून घेतील. ज्यांनी आपले पंप बरोबर आणले असतील, त्यांनी कृपया तेच वापरावेत.