कोरकू भाषेचे पाठ कसे असावेत?
(वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला एक सेवानिवृत्त प्राथमिक शिक्षक. विद्वत्तेचा अधिकार मजकडे नाही. तथापि आपल्या ज्ञातीतील काही तरुण शिक्षक होऊन मेळघाटात जातात आणि काही संगणकविद्येत निष्णात आहेत, म्हणून हा विषय मांडण्याचे धाडस करतो.

नोकरीच्या पहिल्याच वर्षी, धारणी तालुक्यात, पहिलीतला एक मुलगा सारखा ‘डा, डा’ म्हणू लागला. खोडी समजून मी त्यास कोपऱ्यात उभे केले. ‘डा’ म्हणजे पाणी, हे मला दुपारी गावच्या एका बाईने सांगितले. पोर तहानलेले होते. पुढे मी ती भाषा मोडकीतोडकी शिकलो. पण त्या दुपारची टोचणी अद्याप गेलेली नाही.

कोरकू ही मराठीची बोली नव्हे. संथाळी, मुंडारी ह्या तिच्या कुळातील भाषा. ग्रियर्सनच्या भाषा-सर्वेक्षणाच्या १९०६ साली निघालेल्या खंडात तिची नोंद आहे आणि २०११ च्या जनगणनेत तिचे भाषक सुमारे ७ लाख २७ हजार भरले. माणूस तो ‘कोरो’. त्यास अनेकवचनाचा ‘कू’ लागून ‘कोरकू’ झाले. तिच्यात संस्कृतासारखे द्विवचन आहे. शिवाय ऐकणाऱ्यास धरून ‘आपण’ आणि त्यास वगळून ‘आम्ही’, हा हिंदीत व इंग्रजीत न सापडणारा भेदही आहे. मराठी माणसास तो शिकवावाच लागत नाही!

आता मोबाईलवर भाषेचे पाठ देता येतात. परंतु ते कोणास घेता येतील? दोन वर्षांपूर्वी काचबिंदूने माझी दृष्टी मंदावली, तेव्हा ह्या प्रश्नाची धार मला कळली. एका परक्या भाषेचा पाठ मी उघडला. बरोबर उत्तरास हिरवा रंग, चुकीच्यास तांबडा. अक्षरी एक शब्द नाही. पडदा वाचून दाखविणारी आज्ञावली प्रत्येक चित्रापाशी नुसते ‘चित्र, चित्र’ म्हणे. बनविणाराने चित्रामागे वर्णनाची एक ओळ लिहिली असती तर तीच तिने वाचली असती. तेव्हा उत्तर बरोबर की चूक हे शब्दांत सांगावे, अक्षर मोठे करता यावे, आणि ज्यास ऐकू येत नाही त्याच्यासाठी प्रत्येक ध्वनिफितीखाली मजकूर असावा.

येथे एक अडचण आहे. कोरकू देवनागरीत लिहिली, तरी ती आज्ञावली मराठी वा हिंदी वळणाने वाचणार, आणि शिकणारा तेच चुकीचे उचलणार. म्हणून प्रत्येक शब्द कोरकू माणसाच्याच तोंडचा ध्वनिमुद्रित हवा, आणि त्या श्रमाचा मोबदला त्यास मिळावा. डोंगरात रेंजचा भरवसा नाही. सबब पाठ लहान असावेत, बाजाराच्या दिवशी धारणीत उतरवून घ्यावेत आणि घरी जाळ्यावाचून ऐकता यावेत.

पहिल्या पाठात रंग आणि फळे कशाला? ‘पाणी पाहिजे’, ‘पोट दुखते’, ‘घरी जायचे आहे’, ही मुलांची वाक्ये नव्या शिक्षकास आधी कळली पाहिजेत.

असे तीस वाक्यांचे दोन पाठ मी वहीत उतरविले आहेत. माझे उच्चार प्रमाण मानू नयेत. तेथील एक वृद्ध बाई बोलून देण्यास तयार आहेत, पण पावसाळाभर त्या शेतावर असतात. तेव्हा दिवाळीनंतरच जाता येईल. ध्वनिमुद्रण जाणणारा कोणी तरुण बरोबर येणार असेल तर त्याने भोजनानंतर मला भेटावे.