खोलीचे घर केव्हा होते?



कयाधूकाठचे नरसी हे गाव संत नामदेवांचे जन्मस्थान म्हणून सर्वश्रुत आहे. परंतु नामदेव केवळ नरसीचे राहिले नाहीत. ते पंढरपूरचे झाले आणि पुढे पंजाबातील घुमानचेही झाले. गुरु ग्रंथ साहिबात त्यांची ६१ पदे समाविष्ट आहेत. २०१५ साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन घुमानला भरले, तेव्हा सुमारे सात शतकांपूर्वी जुळलेले ते नाते आजही किती जिवंत आहे, हे महाराष्ट्राने पाहिले. परमुलखात गेलेला माणूस तेथला कसा होतो, याचा हा वस्तुपाठच होय.

आज मराठवाड्यातील तरुण पोटासाठी कल्याण, भिवंडी, पनवेल गाठतो. वीस वर्षे तेथे काढूनही त्याच्या बोलण्यात गावी ‘घर’ असते आणि शहरात ‘खोली’! या खोलीचे घर केव्हा होते?

१९७५ साली मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरण स्थापन झाले. मुंबईसह ठाणे, कल्याण, वसई, पनवेल असा विस्तीर्ण टापू एका नकाशात आला. पण नकाशाने नियोजन होते, आपलेपणा निर्माण होत नाही. माणूस स्वतःला डोंबिवलीकर म्हणवतो, वसईकर म्हणवतो. ‘महानगर प्रदेशाचा रहिवासी’ असे कोणी म्हणत नाही.

तरीही या प्रदेशाला बांधणारे धागे आहेत. लोकलच्या डब्यात टाळ घेऊन भजन करणारी मंडळी निरनिराळ्या स्थानकांवर चढतात. परंतु सूर धरताना कोण कोठला, हे कोणी विचारत नाही. फाळणीनंतर सर्वस्व गमावून आलेल्या सिंधी बांधवांनी कल्याणजवळच्या लष्करी छावणीतील बराकींत संसार थाटले आणि स्वकष्टाने उल्हासनगर उभे केले. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला. त्या रात्री अनोळखी माणसांना घरात घेऊन जेवू घालणाऱ्यांनी कोणाचे मूळ गाव विचारले नाही. एकत्र भजन, एकत्र कष्ट आणि संकटातील साथ यांतूनच शेजारी ‘आपला’ होतो.

मात्र आपलेपणाला ऋणाची जाणीवही हवी. मुंबईकरांची तहान भागवणारी तानसा आणि भातसा ही धरणे शहापूर तालुक्यात आहेत. त्याच तालुक्यातील कित्येक वनवासी पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. नळ उघडणाऱ्याला त्या माउलीच्या डोक्यावरचा हंडा जोवर दिसत नाही, तोवर एक प्रदेश, एक समाज या म्हणण्याला अर्थ कोणता? ज्या मातीचे पाणी प्यायचे, तिच्या सुखदुःखाचा वाटाही उचलायचा, हीच खरी रहिवासी असल्याची खूण.

त्यासाठी गाव विसरण्याचे कारण नाही. घुमानचे झालेले नामदेव नरसीला परके झाले नाहीत. शहरात गेलेल्या मुलाला आईवडिलांनी गावच्या जत्रेचे बोलावणे जरूर धाडावे, पण त्याच वेळी हेही विचारावे, “बाळा, तुझ्या वस्तीत तू कोणाच्या उपयोगी पडतोस?”

या प्रश्नाचे उत्तर ज्या दिवशी त्याला देता येईल, त्या दिवशी त्याच्या खोलीचे घर झालेले असेल.