ऊन पाण्याच्या पायऱ्या
(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



माझी धाकटी बहीण बालपणीच पोलिओने अधू झाली. वज्रेश्वरीच्या यात्रेस गेलो म्हणजे आम्ही भावंडे अकलोलीच्या ऊन पाण्याच्या कुंडात उतरत असू. ती मात्र वरच्या पायरीवर बसून तांब्याने पाय भिजवी. ज्या पाण्याची गरज तिला सर्वांहून अधिक, त्याची वाट तिलाच बंद होती. आज मला त्या पायऱ्यांविषयी बोलावयाचे आहे.

ऊन पाण्यात चमत्कार नाही. गळ्याइतक्या पाण्यात उभ्या माणसाच्या पायांवर त्याच्या वजनाचा सुमारे दशांश भार पडतो. म्हणून जमिनीवर न उचलणारा पाय तेथे हलू लागतो. ऊब लागली की ताठरलेले स्नायू सैल होतात. उपचाराच्या कुंडातील पाणी साधारणतः ३३ ते ३५ अंश सेल्सिअस राखतात. आपले नैसर्गिक झरे बहुधा याहून पुष्कळ तप्त असतात, आणि ज्याच्या पायास संवेदना नाही त्यास तेथे भाजण्याचे भय असते.

अमेरिकेचे फ्रँकलिन रूझवेल्ट १९२१ साली पायांनी लुळे झाले. निदान पोलिओचे झाले. १९२४ साली ते जॉर्जियातील वॉर्म स्प्रिंग्ज येथील ऊन झऱ्यावर गेले. पाय पूर्ववत झाले नाहीत. परंतु १९२६ साली त्यांनी ती जागा विकत घेतली व १९२७ साली इतर रुग्णांसाठी संस्था स्थापिली. एवढे थोर कार्य, पण तेथे कृष्णवर्णीय रुग्णांना प्रवेश नव्हता. त्यांच्यासाठी १९४१ साली टस्कगी येथे निराळे केंद्र निघाले. त्याच १९२७ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना महाडच्या चवदार तळ्यावर सत्याग्रह करावा लागला, हे ज्ञातीच्या नावाने भरलेल्या या सभेने तरी विसरू नये.

आपल्या नव्या ज्ञातिगृहासाठी निधी जमत आहे. सभागृह व्हावे, भोजनगृहही व्हावे. पण तळमजल्यावर ऊन पाण्याचे एक लहान कुंडही व्हावे, अशी माझी विनंती आहे. त्यास पायऱ्यांऐवजी उतरण असावी, दोन्ही बाजूंस कठडे असावेत, फरशी निसरडी नसावी आणि चाकाची खुर्ची पाण्यापर्यंत जावी. वैद्यकीय सल्ल्यावाचून कोणास उतरवू नये. शिकलेला व्यायामोपचारक सदैव हजर असावा. पाणी तापविण्याचा व शुद्ध राखण्याचा खर्च दरमहा येणारा आहे. तो एकट्याने न पेलल्यास इतर संस्थांस सोबत घ्यावे. मात्र दारात कोणाची जात विचारली जाऊ नये.

कोणी म्हणेल, २०१४ साली भारत पोलिओमुक्त जाहीर झाला, आता याचे प्रयोजन काय? पोलिओ गेला, तरी त्याने अधू केलेली माणसे आपल्यातच आहेत. शिवाय पक्षाघात, संधिवात, मेंदूच्या विकाराने जन्मतः ताठरलेली बालके कोणत्या घरी नाहीत?

माझी बहीण आता वृद्ध झाली आहे. तिने कधी तक्रार केली नाही. म्हणूनच ही तक्रार मी आपणापुढे मांडली. ती पायरी उतरण्यास तिला आपले साह्य लाभो, एवढे बोलून आपली रजा घेतो.